दुपारी रुसणारी गाडी : एका उन्हाळ्याच्या नोंदी

गाडी २००१ ची जपानी सेदान, दीड लिटर, चार सिलिंडर. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. पुढे जे बिघाड येतील त्यांतले निम्मे वयाचे आहेत आणि उरलेले माझ्या हातचे. तीन वर्षांपूर्वी छोटा टर्बो (इंजिनात जास्तीची हवा दाबून भरणारा पंखा) बसवला, बूस्ट, म्हणजे त्या हवेचा जादा दाब, अर्ध्या बारवर रोखलेला. स्टँडअलोन ईसीयू, म्हणजे इंजिन चालवणारा वेगळा कॉम्प्युटर, मोठे इंजेक्टर, टाकीत तासाला २५५ लिटरवाला पंप, मागे अडीच इंची एक्झॉस्ट. टाकी पत्र्याची, ४५ लिटरची. काम चालतं ठाण्याच्या वागळे इस्टेटमधल्या एका शेडमध्ये. अर्धी शेड माझी, अर्धी एका जुन्या मिस्त्रींची. त्यांना मी काका म्हणतो.

६ एप्रिल २०२५, रविवार

रामनवमी. कासारवडवलीला मावशीकडे जेवायला निघालो, एकटाच. माजिवड्यापासूनच गर्दी. मेट्रोच्या खांबांजवळ रस्ता अरुंद होतो तिथे वीस मिनिटं पहिला गिअर आणि न्यूट्रल एवढंच चाललं. मानपाड्याच्या पुढे गाडीने पहिला झटका दिला. मग दुसरा. पातलीपाड्याच्या सिग्नलला ती बंद पडली. दुपारचे दोन चाळीस.

चावी फिरवली, स्टार्टर मजेत फिरतोय, गाडी उठत नाही. दोन रिक्षावाल्यांनी ढकलून कडेला घेतली. एक म्हणाला, "दादा, पेट्रोल गरम झालंय, बॉनेट उघडा." दुसऱ्याचं मत कॉईल. पंचवीस मिनिटांनी, मी टोइंगवाल्याला फोन लावत असताना सहज म्हणून चावी फिरवली तर पहिल्या फटक्यात सुरू. मावशीकडे पोहोचलो तेव्हा पुरणपोळ्या गार झाल्या होत्या.

गेल्या उन्हाळ्यातही हे दोनदा झालं होतं. तेव्हा 'व्हेपर लॉक' (लाइनमध्ये पेट्रोलची वाफ अडकणं) म्हणून सोडून दिलं. या वर्षी मोजमाप केल्याशिवाय काहीही बदलायचं नाही, असं ठरवलं आहे. गेल्या वर्षी प्रत्येक तक्रारीवर मी एक नवा पार्ट बसवला होता.

९ एप्रिल, बुधवार, रात्री

कंपनीतून आल्यावर शेडमध्ये. काका पद्मिनी मोटारीच्या काळचे. त्यांच्या मते यात कोडं असं काहीच नाही. "कसारा घाटात आम्ही एसी पंपावर ओलं फडकं बांधायचो. पाण्याची बाटली असायचीच. फडकं सुकलं की गाडी थांबली."

तो एसी पंप म्हणजे इंजिनला चिकटलेला मेकॅनिकल पंप. तो मागच्या टाकीतून पेट्रोल ओढायचा. ओढताना लाइनमधला दाब वातावरणाच्याही खाली जातो, आणि दाब कमी झाला की पेट्रोल लवकर उकळतं. त्यात पंप स्वतःच इंजिनच्या अंगाला. वाफ झाली की पंपाचा पडदा नुसती वाफ दाबत बसणार. ओल्या फडक्याचा इलाज तिथे अगदी बरोबर होता.

माझ्या गाडीत पंप टाकीत, पेट्रोलमध्ये बुडालेला. तो ओढत नाही, ढकलतो. रेलमध्ये, म्हणजे इंजेक्टरांना पेट्रोल पुरवणाऱ्या नळीत, पेट्रोल तीन बारच्या आसपास दाबाखाली असतं, त्या दाबाला ते सहजासहजी उकळत नाही. म्हणजे इंजिन चालू असताना बॉनेटखाली वाफ होणं कठीण. तरीही चालू गाडी झटके देऊन बंद पडली. काकांना हे सांगितलं. ते म्हणाले, "मग फडकं कुठे बांधणार?"

प्रश्न बरोबर आहे. आधी ती जागा शोधायची.

१३ एप्रिल, रविवार

मोजायचं सामान लावलं. रेलवर प्रेशर गेज. तापमान मोजायला के-टाइप थर्मोकपल चार : एक रेलच्या आधीच्या लाइनवर, एक उरलेलं पेट्रोल टाकीत परत नेणाऱ्या रिटर्न लाइनवर, एक मागच्या सीटखालच्या झाकणातून थेट टाकीत, एक हवेसाठी. पंपाच्या टर्मिनलपासून दोन वायरी पुढे आणून मल्टिमीटरला.

टाकीचं झाकण उघडताना शटर पूर्ण वर, बॅटरी काढलेली, अग्निशामक हाताशी, आणि काकांची बिडी गल्लीच्या दुसऱ्या टोकाला. एवढं केलं तरी गाडीत पेट्रोलचा वास चार दिवस राहतो. बायको म्हणते तो माझ्या कपड्यांना तर वर्षभर असतो.

गाडी उन्हात लावून काचा बंद केल्या. दोन तासांनी डॅशबोर्डखाली हात घातला तर बोट ठेववेना. चावी ऑन केली. एरवी मागून दोन सेकंद जी गुणगुण येते ती आलीच नाही, आणि रेलवर दाब शून्य. पाच-सहा वेळा चावी ऑन-ऑफ केल्यावर एकदा 'टक्' झालं, पंप गुणगुणला, गाडी उठली.

आवाजच नाही म्हणजे पेट्रोलचा इथे संबंधच नाही. पंपाला करंट मिळत नव्हता. डॅशबोर्डखालचा मेन रिले, म्हणजे पंपाला वीज जोडणारा स्विच, काढून उघडला. भिंग लावून पाहिलं तर दोन जाड पिनांच्या सोल्डरभोवती केसाएवढी बारीक गोल रेघ. थंड असताना सांधा टेकलेला, केबिन तापली की पिन आणि पट्टी वेगवेगळ्या फुगणार आणि सांधा सुटणार. चोवीस वर्षांच्या सांध्याला दोष काय द्यायचा, माणसाचे गुडघेही एवढ्यात कुरकुरतात. जुनं सोल्डर चोखून काढलं, नवीन भरलं.

१४ एप्रिल, सोमवार

सुट्टी. पुन्हा उन्हात लावली, दोन तास. पहिल्या चावीला गुणगुण, पहिल्या फटक्यात सुरू. काकांना कटिंग पाजला.

१९ एप्रिल, शनिवार

कटिंग वाया गेला. घोडबंदर रोडवर गर्दीत अठ्ठेचाळिसाव्या मिनिटाला झटके. पण या वेळी गेज डोळ्यांसमोर चिकटवलेला होता. आयडलला (इंजिन नुसतं चालू असताना) व्हॅक्यूममुळे तो २.५ बार दाखवतो. तो आधी थरथरला, मग १.७ वर आला. पंप बंद नव्हता. उलट त्याची गुणगुण वर चढून रिकाम्या मिक्सरसारखी किरकिर झाली. टाकीतलं तापमान ५२.

म्हणजे बिघाड दोन होते, मी त्यांना एक समजत होतो. पातलीपाड्याला बहुधा दोन्ही एकदम झाले : झटके पेट्रोलने दिले, परत उठू दिलं नाही रिलेने. आता ओळख सोपी झाली. गुणगुण नसेल तर वायरिंग बघायचं. गुणगुण असून दाब नसेल तर टाकी बघायची.

पंपाच्या टर्मिनलवर ११.४ व्होल्ट, बॅटरीवर १३.८. मूळ वायर छोट्या पंपाच्या हिशेबाने बारीक आहे, अडीच व्होल्ट वाटेतच खाल्ले जातात. वाटलं, हेच ते. पंप उपाशी आहे.

२० एप्रिल, रविवार

बॅटरीपासून पंपापर्यंत जाड वायर ओढली, तोंडाशी २० अँपिअरचा फ्यूज, डिकीत वेगळा रिले, अर्थिंगही नवीन. आता पंपावर १३.४ व्होल्ट, ९ अँपिअर. पंपाचा आवाज भरदार. काम फार सुबक झालं, फोटो काढून ठेवले.

२३ एप्रिल, बुधवार

कंपनीतून लवकर निघून तीच फेरी, टाकीत तेवढंच पेट्रोल, पाव टाकी. झटके चौतिसाव्या मिनिटाला.

वायरिंग सुधारलं आणि तब्येत बिघडली.

परतताना गायमुखच्या चढावर एकदा पाय दाबून पाहिला. तिथे लॅम्डा (हवा-पेट्रोलच्या प्रमाणाचा आकडा, वाढला की पेट्रोल कमी) ०.८० असायला हवा, तो ०.८७ झाला. लगेच पाय काढला. आयडलला झटके बसले तर फार तर गाडी बंद पडते. बूस्टमध्ये पेट्रोल कमी पडलं तर पिस्टन जातो. यापुढे हा प्रश्न सुटेपर्यंत बूस्ट बंद.

२६ एप्रिल, शनिवार, रात्री

झोप येईना म्हणून गणित मांडलं. हे मी तीन वर्षांपूर्वी, पंप निवडतानाच करायला हवं होतं.

१३.४ गुणिले ९ म्हणजे १२० वॉट. पंप पेट्रोलमध्ये बुडालेला आहे. मोटरची उष्णता पेट्रोलमध्ये जाते, आणि जी ताकद दाब तयार करायला लागते तीही रेग्युलेटरमधून (रेलमधला दाब ठरावीक ठेवणारा व्हॉल्व्ह) पेट्रोल सुटताना उष्णताच होते. थोडक्यात १२० च्या १२० वॉट पेट्रोलच्या पोटात.

जुन्या वायरवर ११.४ व्होल्ट आणि ७.६ अँपिअर मोजले होते. ८७ वॉट. मी रविवारभर घाम गाळून टाकीतला हीटर मोठा केला!

आता रिटर्न. दुपारी रिटर्न लाइन कॅनमध्ये सोडून एक मिनिट मोजलं होतं : ३.६ लिटर. तासाला २१६ लिटर. आयडलला इंजिन तासाला साधारण लिटरभर पितं. बाकीचे २१५ लिटर इंजिनपर्यंत जातात, तापलेल्या रेलमधून फिरतात आणि परत टाकीत येतात. टाकीत दहा लिटर असतील तर तेच पेट्रोल तीन मिनिटांच्या आत एक फेरी मारून घरी. रेलच्या आधीच्या आणि नंतरच्या थर्मोकपलमध्ये फरक फक्त एक अंश दिसत होता, म्हणून मी त्याकडे लक्षच दिलं नव्हतं. पण एवढ्या प्रवाहाला एक अंश तापवायचा म्हणजे ९० वॉट लागतात.

बेरीज २१० वॉट. शंभरचे दोन जुने पिवळे बल्ब टाकीत टाकून सतत पेटते ठेवावेत तसं. दहा लिटर पेट्रोलला एक अंश चढायला साडेपंधरा किलोज्यूल पुरतात. वारा लागून काही उष्णता निघून जाते, पण गर्दीत वारा कुठला, आणि खाली डांबरच पोळत असतं.

मग उकळी. आपल्या पेट्रोलचा बाष्पदाब, म्हणजे त्याच्या वाफेचा दाब, अडतीस अंशांच्या आसपास साधारण ६० किलोपास्कल धरला. तापमान पन्नाशीच्या पुढे गेलं की हा दाब वातावरणाच्या दाबाजवळ येतो, आणि तिथे पोचला की पेट्रोल उकळतं. त्यात पंपाच्या तोंडाशी जाळी. जाळीतून ओढताना दाब आणखी थोडा पडतो, तिथे पहिला बुडबुडा येतो. पद्मिनीत वाफ इंजिनजवळ व्हायची, माझ्या गाडीत ती टाकीच्या तळाशी होते आहे. ई-२० मध्ये इथेनॉल आहे. इथेनॉल एकटं ७८ अंशांना उकळतं, त्यामुळे ऐकायला ते बिनधोक वाटतं. पण पेट्रोलमध्ये थोड्या प्रमाणात मिसळलं की मिश्रणाचा बाष्पदाब वाढतो. सगळं खापर त्याच्यावर फोडायची सध्या फॅशन आहे. माझ्या बाबतीत मुख्य गुन्हेगार पंपच दिसतो, आणि तो मी माझ्या पैशाने आणला.

२७ एप्रिल, रविवार

गणित खरं की खोटं हे बघायला आवारात उभ्या गाडीवर चाचणी. बॉनेट बंद, फॅन ईसीयूच्या हिशेबाने. सावलीत हवा ३७.

दहा लिटरवर सुरुवात, पेट्रोल ३६ अंश. वीस मिनिटांनी ४६. पस्तीस मिनिटांनी ५२, गेजचा काटा थरथरायला लागला. अडतिसाव्या मिनिटाला ५३, दाब १.६, पंपाची किरकिर, इंजिन लंगडं.

तापलेली गाडी पेट्रोल पंपावर नेऊन २५ लिटर भरावं तर मग चाचणीच बिघडली असती, म्हणून आधी दोन तास गार केली, मग कॅनने ओतलं. ३५ लिटरवर पुन्हा तीच चाचणी. तासाभरात ३६ चं ४५. काटा दगडासारखा स्थिर.

दिवसभर काका आपलं काम करत होते. एका वॅगनची क्लचप्लेट. संध्याकाळी त्यांना आकडे दाखवले. वाचून म्हणाले, "म्हणजे टाकी भरलेली ठेव, एवढंच ना?" एवढंच नाही, पण पहिला इलाज तोच, आणि त्याला पाच पैशांचा पार्ट लागत नाही. दोनशे-तीनशेचं पेट्रोल टाकून फिरायची माझी कॉलेजपासूनची सवय आहे.

यावर कुणी म्हणेल, टाकीत स्वर्ल पॉट (पंपाभोवती पेट्रोल धरून ठेवणारं छोटं भांडं) बसव. बसवणार होतो, गेल्या दिवाळीत कोटेशनही घेतलं होतं. वळणावर पेट्रोल एका बाजूला पळालं तर पंपाला हवा मिळू नये म्हणून तो छान. पण परत येणारं गरम पेट्रोल त्याच दोन लिटरच्या भांड्यात सोडलं तर दहाऐवजी दोन लिटर तापवायचे. बरं झालं, पैसे नव्हते.

१ मे, गुरुवार

महाराष्ट्र दिन. सकाळी झेंडावंदनाला सोसायटीत, मग शेड.

गाडी वर घेऊन खालून बघितली. अडीच इंची पाइप टाकीच्या पत्र्यापासून जेमतेम चार बोटांवर. मधे उष्णता अडवणारी मूळ ढाल असायची, ती नाही. ढालीचे चार बोल्ट जागेवर, गंजलेले. "काढली कुणी?" असं मी एक्झॉस्टवाल्याला फोन करून जरा चढ्या आवाजात विचारलं. तो म्हणाला, तुम्हीच घरी घेऊन गेलात, नवीन बसवताना खडखड करते म्हणून.

घरी माळ्यावर सापडली. मुलाच्या जुन्या सायकलमागे, वर्तमानपत्रात गुंडाळलेली. त्याला पुन्हा फोन करून माफी मागितली.

ढाल जरा ठोकून, वॉशर वाढवून बसवली. पाइप आणि ढालीमध्ये बोटभर, ढाल आणि टाकीमध्ये बोटभर हवा. ढाल टाकीला टेकली तर ढाल नसल्यासारखंच, ती उष्णता पोचवायचंच काम करेल. रिटर्न लाइन टर्बोच्या डाउनपाइपजवळून (टर्बोतून निघणारा तापलेला एक्झॉस्ट पाइप) जात होती, ती फायरवॉलच्या (इंजिन आणि केबिनमधला पत्रा) दुसऱ्या बाजूने फिरवली आणि चकचकीत गुंडाळी चढवली. ही गुंडाळी फक्त उष्णता आत यायला उशीर करते, थांबवत नाही. गर्दीत तासभर उभं राहिलं की ती आतूनही तेवढीच गरम.

३ मे, शनिवार

लॅमिंग्टन रोडला जाऊन ०.६८ ओहमचा, १०० वॉटचा, ॲल्युमिनियमच्या खोळीचा रेझिस्टर आणला. दुकानदाराने विचारलं, ॲम्प्लिफायर? म्हटलं, पेट्रोल पंप. त्याने वर बघितलंसुद्धा नाही. तिथे रोज याहून विचित्र गिऱ्हाइकं येत असणार.

कल्पना जुनी आहे, कित्येक कंपन्यांच्या गाड्यांत मुळातच असते : हलक्या कामाला पंप हळू, जोर लागला की पूर्ण. वीज झपाट्याने चालू-बंद करून वेग कमी करणारा पीडब्ल्यूएम कंट्रोलर जास्त नेटका पडला असता. पण रेझिस्टर खराब झाला तर रस्त्याच्या कडेला मला तो समजतो.

४ मे, रविवार

रेझिस्टर डिकीच्या पत्र्यावर, थर्मल पेस्ट लावून, टाकीच्या झाकणापासून आणि गाडीतल्या कापडापासून लांब. तोही पंचवीस-तीस वॉट फुंकणार, हात लावला तर चटका.

रिले पाच पिनांचा. महत्त्वाचं हे की रेझिस्टरला वळसा घालणारी वायर ८७ए वर घेतली, म्हणजे रिलेला वीज नसताना जी पिन जोडलेली असते तिच्यावर. ईसीयू रिलेला ओढतो तेव्हा रेझिस्टर मधे येतो आणि पंप हळू होतो. वायर तुटली, रिले मेला, ईसीयूने डोळे मिटले, काहीही झालं तरी पंप पूर्ण वेगानेच चालणार. उलटं जोडलं असतं तर एखाद्या दिवशी बूस्टमध्ये पंप हळू आणि पिस्टन गाळात. तीन हजार आरपीएमच्या वर किंवा मॅनिफोल्डमधला (इंजिनात हवा नेणारी नळी) दाब ८० किलोपास्कलच्या वर गेला की ईसीयू रिले सोडतो. म्हणजे बूस्ट येण्याच्या बऱ्यापैकी आधी.

मोजलं. हळू चालताना पंपावर ९.२ व्होल्ट, ६.२ अँपिअर, ५७ वॉट. निम्म्याहून कमी. रिटर्न मिनिटाला १.९ लिटर. आयडलचा दाब २.५ च, हलला नाही.

दहा लिटर, ३६ अंशांवर सुरुवात, आवारात तीच चाचणी. वीस मिनिटांनी ४१. चाळीस मिनिटांनी ४५. तासाने ४७, आणि नंतरची पंधरा मिनिटं तिथेच रेंगाळलं. दाब शेवटपर्यंत स्थिर.

एक गंमत. रेलच्या आधी-नंतरचा फरक आता एकाऐवजी जवळपास दोन अंश दाखवतो. घाबरलो, मग हिशेब केला. प्रवाह निम्मा, फरक दुप्पट, म्हणजे रेलमधून येणारी उष्णता जवळजवळ तेवढीच. वाचले ते पंपाचे आणि ढालीचे. रेलकडची उष्णता टाकीत येऊच द्यायची नसेल तर रेग्युलेटर मागे टाकीजवळ न्यायला हवा. हल्लीच्या बऱ्याच गाड्यांत तसंच असतं. ते काम मोठं आहे, या उन्हाळ्यात नाही.

खरी परीक्षा रस्त्यावर. बुधवारी सुट्टी टाकली आहे.

६ मे, मंगळवार

संध्याकाळी धुळीचं वादळ, मग पाऊस. शेडच्या शटरखालून धूळ आत येऊन उघड्या टूलबॉक्सवर थर.

७ मे, बुधवार

सुट्टी घेतलेली, आभाळ भरलेलं, हवा गार. साऱ्या ठाण्यात आज वाईट वाटणारा मी एकटाच असेन. फेरी मारली, टाकी ४१ च्या वर गेली नाही. याला चाचणी म्हणत नाही.

१८ मे, रविवार

पुन्हा ढग. गाडी हलवली नाही. काकांनी विचारलं, "फडकं बांधलंस का?"

२६ मे, सोमवार

मान्सून मुंबईत आज आल्याचं जाहीर झालं. नेहमीची तारीख ११ जून, म्हणजे सोळा दिवस आधी. माझा उन्हाळा संपला. टाकी काठोकाठ भरली, कारण अर्ध्या रिकाम्या पत्र्याच्या टाकीत पावसाळी दमट हवा भरते, आतून घाम येतो आणि इथेनॉल ते पाणी पिऊन बसतं. बॅटरी काढली, कव्हर घातलं.

१२ ऑक्टोबर, रविवार

साडेचार महिन्यांनी ऑक्टोबर हीट मदतीला धावून आली. उकाड्याचा एवढा आनंद आयुष्यात झाला नव्हता.

टाकीतलं जुनं पेट्रोल काढून काकांच्या पार्ट धुण्याच्या कामाला दिलं, नवीन दहा लिटर टाकलं. दुपारी दीडला निघालो. माजिवडा, कापूरबावडी, मानपाडा, गायमुख आणि परत. गर्दीने साथ दिली, एक तास वीस मिनिटं लागली. हवा ३६. टाकी जास्तीत जास्त ४६. एकही झटका नाही. रिकाम्या चढावर एकदा पाय दाबला, रिलेची 'टक्' मागून ऐकू आली, लॅम्डा ०.८० ला चिकटून.

पातलीपाड्याच्या त्याच सिग्नलला तीन वेळा लाल लागला. काही झालं नाही. नोंदवून ठेवतो.

पण चहाला पंधरा मिनिटं थांबून निघताना स्टार्टर चार-पाच सेकंद मारावा लागला. गुणगुण होती. गेज बघितला, गाडी बंद केल्यापासून दाब पूर्ण उतरलेला. दाब गेला की रेलमधल्या पेट्रोलचं कवच जातं, खाली इंजिन तापलेलं, तिथे वाफ होणारच. चावी दोनदा ऑन करून, पंपाला दोनदा भरू देऊन मग स्टार्टर मारला तर उठते. पण हा इलाज नव्हे, ही तडजोड झाली. एकतर पंपाचा नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह (पेट्रोल मागे येऊ न देणारी झडप) गळतोय किंवा टाकीच्या आत कुठेतरी.

१८ ऑक्टोबर, शनिवार

धनत्रयोदशी. बायकोने सोनाराकडे बोलावलं होतं, संध्याकाळी सातला पोचेन असं कबूल करून शेडमध्ये.

पंप बाहेर काढला. पंप आणि झाकण यांना जोडणारा चार इंची होज हातात आला तो फुगलेला, भाकरीच्या पिठासारखा मऊ. क्लॅम्पपाशी नखाएवढी चीर. बाहेरून कुणाला दिसणार नाही, कारण तिथून गळलेलं पेट्रोल टाकीतच पडतं. होज मीच लावला होता, साधा फ्युएल होज, आतून पेट्रोल जातं म्हणजे चालेल या हिशेबाने. पण टाकीत तो बाहेरूनही पेट्रोलमध्ये बुडालेला असतो, आणि साध्या होजचं बाहेरचं आवरण त्यासाठी नसतंच. बुडवायचा होज वेगळा येतो, त्याच्यावर ३०आर१० छापलेलं असतं. महाग आहे, फुटाच्या हिशेबाने मिळतो, आणि मला फक्त चार इंच लागत होता.

ही चीर एप्रिलमध्ये होती की नाही, आता कळायचा मार्ग नाही. असेल तर माझ्या त्या सगळ्या दाबांच्या आकड्यांत तिचाही वाटा. तापमानाचे आकडे मात्र तिने बदलले नसते.

जाळीही काढली. तळाच्या बाजूला तपकिरी गंजाचा पातळ लेप. नवीन जाळी, नवीन होज, नवीन क्लॅम्प. पंपावर दाब देऊन गाडी बंद केली. पंधरा मिनिटांनी २.१ बार.

साडेसात वाजले. सोनार बंद व्हायच्या आत पोचलो, हाताला पेट्रोलचा वास.

१९ ऑक्टोबर, रविवार

काकांना घेऊन दुपारी एक फेरी. चहाला पंधरा मिनिटं थांबलो, एका फटक्यात सुरू. काका मागच्या सीटवर बसले होते, टाकीच्या झाकणाच्या बरोबर वर, थर्मोकपलच्या वायरी बाजूला सारून. उतरताना म्हणाले, सीट गरम लागत नाही. मग आपल्या वॅगनकडे गेले.

राहिलेलं : रेग्युलेटर टाकीजवळ न्यायचा. टाकीच्या आतला गंज, त्याला वेगळी वही लागेल. रेझिस्टरवर जाळीचं झाकण, डिकीत मुलाची क्रिकेटची बॅग असते.